बिनजोडणीचे मणी

तुम्ही त्या घराशी खोटं बोललात, साहेब.

खुर्ची मागे सारून 'कोणतं घर?' असं विचारू नका. ते घर कोणतं हे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे, आणि सगळी रड तिथंच आहे. आपला माणूस गेला त्याच दिवशी, डोळ्यांतलं पाणी पुसायच्या आत, ज्या घरानं सांगितलं की 'त्याचं जे कुणाच्या उपयोगी पडेल ते घ्या', त्या घराला तुमच्या अवयवदानाच्या कचेरीनं कळवलं की यकृत काही उपयोगी पडलं नाही. पडलं. एक पोर त्याच्यावर जगली. ती आज शाळेत जाते आणि बडबड केली म्हणून बाकावर उभी राहते. आणि ते घर मात्र अजून समजून बसलंय की आपल्या माणसाचं यकृत वाया गेलं. हे असं का, ते विचारायचंच आहे. पण आधी झालं काय, ते ऐका.

पोरीचा बाप नळ दुरुस्तीची कामं करतो. सगळी वस्ती त्याला नळवाले म्हणते. बायको रागावली की तीही म्हणते, "या हो नळवाले, जगाचे नळ झाले असतील तर घरचा बघा." घरचा नळ अर्थातच गळका. पोरीला सगळे खारू म्हणायचे, कारण घास गिळायच्या ऐवजी ती गालात साठवून ठेवायची आणि तशीच तासभर हिंडायची.

बापलेकीचा एक खेळ होता. संध्याकाळी घरी आला की नळवाला हातपाय धुवायच्या आधी तिचं नाक चिमटीत धरायचा आणि नळ सोडल्यासारखं पिळायचा. ती तोंडानं 'स्सऽऽ' करून पाणी सोडायची. उलटं पिळलं की बंद. कधी मुद्दाम पुरतं बंद व्हायची नाही, 'टप… टप…' करत राहायची. मग तो गंभीर चेहरा करून म्हणायचा, "वायसर गेला हिचा. बदलावा लागेल." यावर त्याची सासू, जी लेकीकडेच राहायची, ती आतून ओरडायची, "जावईबापू, पोरीच्या नाकाचा पार कांदा करून ठेवलात हो!"

पोर आजारी पडली ती साध्या तापानं. मग उलट्या. मग डोळे पिवळे झाले. गल्लीतल्या डॉक्टरनं कावीळ म्हणून औषध दिलं, विश्रांती सांगितली. विश्रांती तर ती घेतच होती, नको इतकी घेत होती. दिवसभर नुसती झोप. एका दुपारी उठली आणि आईला 'बाई' म्हणायला लागली, म्हणजे शाळेतल्या बाई. चप्पल उचलून हातात घालू लागली. नळवाला कामावरून धावत आला. त्याला दुसरं काही सुचेना, त्यानं तिचं नाक पिळलं.

आवाज आला नाही. पोरीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं भिंतीकडे पाहावं.

मोठ्या इस्पितळात मुलांच्या यकृताच्या डॉक्टर होत्या, पांढऱ्या केसांच्या, बोलायला धीम्या. त्यांनी खोलीत बसवून घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं.

"यकृत एकदम बसलंय. विषाणूचा मार आहे. रक्तातली घाण साफ करणारं तेच, आणि तेच बंद पडलंय. ती घाण आता मेंदूपर्यंत जातेय. म्हणून ती ओळखत नाही."

"मग साफ करा की," नळवाला म्हणाला.

"लहान मुलांचं यकृत मोठं चिवट असतं. पुष्कळदा आपलं आपण पुन्हा उभं राहतं. पण त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ हिच्याजवळ नाही."

मग दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा लावायचा, हा मार्ग निघाला. आईचं रक्त जुळेना. बापाचं जुळलं. नळवाल्याच्या जिवात जीव आला. तपासणीला जाताना त्यानं सासूला सांगितलं, "अर्धं काय, पुरं घेतलं तरी हरकत नाही." थोड्या वेळानं डॉक्टर बाई बाहेर आल्या आणि त्यांनी मान हलवली. बापाचं यकृत चरबीनं गच्च भरलेलं निघालं. असल्या यकृताचा तुकडा कापला तर बापही जाईल आणि पोरही.

"तरी मी कधीची सांगतेय," सासूच्या तोंडून निघून गेलं, "ते तळलेलं बंद करा म्हणून…" आणि जावयाचा चेहरा बघून तिनं तोंडाला पदर लावला.

नळवाला बाकावर बसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूनं त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "आई, पोरीला लागलं तेव्हाच माझं निकामी निघालं." पुढं तो शब्द त्याच्या डोक्यातून गेलाच नाही. निकामी.

पुरतं यकृत कुठून मिळतंय का याची चौकशी सुरूच होती. मिळत नव्हतं. तेव्हा डॉक्टर बाई एका दुसऱ्या बाईला घेऊन आल्या. तरुण, चष्मा डोक्यावर सरकवलेला, कोटाच्या बाहीला कोपराशी चिकटपट्टी लावलेली. ती प्रयोगशाळेतली. नळवाल्याच्या घरात तिला पुढं 'मण्यांची बाई' हेच नाव पडलं.

मण्यांच्या बाईनं सांगितलं ते असं: मेलेल्या माणसानं दान केलेल्या यकृतातून जिवंत पेशी वेगळ्या करायच्या. त्या एका जेलमध्ये मिसळायच्या आणि त्याचे बारीक बारीक मणी करायचे, मोहरीहूनही लहान. ते मणी सुईनं पोरीच्या पोटात सोडायचे. पोरीचं स्वतःचं यकृत उभं राहीपर्यंत त्याचं काम हे मणी करतील.

नळवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं त्याच्या धंद्यातला पहिला प्रश्न विचारला.

"जोडणार कुठं?"

"कुठंच नाही. पोटाच्या पोकळीत मोकळे राहतात."

"मोकळे म्हणजे? घाण रक्त त्यांच्यात येणार कुठून?"

"येईल. आतडी आणि पोटाचं अस्तर यांच्याभोवती जो ओलावा असतो, त्यातून."

"आणि साफ झालेलं जाणार कुठून?"

"त्यातूनच."

"येणारी लाइन नाही, जाणारी लाइन नाही?"

"नाही."

नळवाला उठलाच. "नको. माफ करा, बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. पण माझा जन्म या कामात गेला. जोडणी नसलेली टाकी म्हणजे नुसती शोभेची वस्तू. लाइन जोडल्याशिवाय जगात काही चालत नाही. माझ्या पोरीच्या पोटात तुम्ही सुट्टं सामान टाकून देणार आणि म्हणणार, बघू या!"

आणि तो तरातरा बाहेर पडला. बायको रडत मागे. डॉक्टर बाई दारातून म्हणाल्या, "विचार करा. पण फार वेळ नका लावू. तो नाहीये."

दाराबाहेर पाणी पिण्याचा नळ होता. नळवाला त्याच्यासमोर उभा राहिला. नळ नीट होता, तरी त्यानं तो उघडला आणि घट्ट बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. सासू त्याच्या शेजारी येऊन टेकली. जरा वेळानं म्हणाली,

"जावईबापू, आमच्याकडे गढूळ पाणी यायचं ना, तेव्हा मी हंड्यात तुरटी फिरवायची."

"आई, आत्ता तुरटीचं काय काढलंत?"

"फिरवायची आणि झाकण ठेवायची. सकाळी पाणी आरशासारखं. गाळ तळाशी." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "त्या तुरटीला कधी नळ जोडला होतात का हो तुम्ही?"

नळवाल्याचा हात नळावरून खाली आला.

"मोठे आलेत जोडणीवाले," सासू म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना.

तो परत आत गेला. डॉक्टर बाईंना तुरटीची गोष्ट सांगितली, तेव्हा त्या सगळ्या धावपळीतही त्यांना हसू फुटलं. "अगदी तसं नाही," त्या म्हणाल्या, "तुरटी गाळ खाली बसवते, या पेशी खरंच घाण फोडून टाकतात. पण न जोडता काम करतात, एवढं मात्र आजींचं बरोबर आहे."

"मग अजून एक. परक्याच्या पेशी. अंग हाकलून नाही देणार?"

"म्हणून तर मणी," मण्यांची बाई पुढं झाली. "ते जेल समुद्रातल्या शेवाळापासून काढतात. त्याचं कवच असतं. पाणी आत जातं, घाण आत जाते, चांगलं ते बाहेर येतं. पण शरीरातले जे पहारेकरी परक्याला मारतात, ते आत शिरू शकत नाहीत. भोकं तेवढी मोठी नसतात."

"म्हणजे जाळी!" नळवाला म्हणाला. "असं आधी सांगायचं नाही का? जाळी बसवलीय म्हणा ना!"

"जाळीच," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं हे समजावतेय, आणि हा शब्द मला सुचला नाही."

"लागू पडेल?"

डॉक्टर बाईंनी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "हमी नाही देत. अजून थोड्याच मुलांना दिलंय."

"जुन्या पाइपची हमी मीही देत नाही," तो म्हणाला. "पण काम जीव लावून करतो. तुम्ही करा."

मणी तयार होत होते तेव्हा मण्यांच्या बाईनं त्याला काचेबाहेर उभं राहू दिलं. आत एका नळीच्या टोकाला अगदी बारीक तोटी होती आणि तिच्यातून थेंब पडत होते. खाली भांड्यात कसलंसं पाणी. थेंब त्यात पडला की जागच्या जागी घट्ट व्हायचा, गोल, धुरकट. टप, टप, टप. नळवाल्याला थेंब पडताना दिसला की त्याचा हात आपोआप पान्याकडे जातो. जन्मभर त्यानं गळतीच थांबवली. त्या दिवशी तो काचेला कपाळ लावून उभा राहिला आणि म्हणत राहिला, गळ बाबा, गळत राहा, थांबू नकोस.

मणी पोटात सोडायला फार वेळ लागला नाही. एक सुई, पडद्यावर पोटाचं करडं चित्र, आणि डॉक्टर बाईंचा स्थिर हात. बाकी राहिलं ते बसून राहणं.

दुसऱ्या दिवशी रक्तातली घाण थोडी उतरली. कुणी नाचलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी उतरली. सुई टोचली की रक्त पुन्हा वेळेवर गोठायला लागलं, म्हणजे यकृताचं तेही काम सुरू झालं. डॉक्टर बाई रोज म्हणायच्या, "आज कालच्यापेक्षा बरं," आणि त्यापलीकडे एक अक्षर बोलायच्या नाहीत. नळवाला सकाळ-संध्याकाळ हलक्या हातानं पोरीचं नाक पिळायचा. काही नाही. पुन्हा काही नाही. नर्स एकदा रागावलीही, "अहो, नळ्या आहेत तिच्या नाकात, काय चालवलंय?"

नाकातली नळी काढली त्या सकाळी त्यानं पुन्हा पिळलं. पोर डोळे उघडून होती, पण आवाज नाही. तो वळला, बायकोला म्हणाला, "चहा घेऊन येतो." दारापर्यंत गेला असेल नसेल, मागून ऐकू आलं,

"टप."

तो थांबला. वळायची हिंमत होईना.

"टप… टप…"

"वायसर गेला हिचा," सासू म्हणाली, आणि मग चौघांतलं कोण रडतंय आणि कोण हसतंय ते कुणालाच कळेना. नर्स तेवढी बाहेर निघून गेली, आणि तिचंही नाक लाल झालेलं होतं.

खारूचं यकृत उभं राहिलं. तिचं स्वतःचं. पुढं काही काळानं पोटाला बारीक छिद्र पाडून ते मणी धुऊन बाहेर काढले, कारण त्यांचं काम संपलं होतं. मण्यांच्या बाईनं ते एका झाकणाच्या बाटलीत नळवाल्याला दाखवले. साबुदाण्याची भुकटी म्हणावी तसं काहीतरी. तो त्या बाटलीला हात जोडायला गेला, मग लाजला, मग तिलाच हात जोडले.

"माझे कसले आभार? मी थेंब पाडले," ती म्हणाली. "पेशी त्या माणसाच्या."

"कोण माणूस?"

"नाव मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगता आलं नसतं. एक गृहस्थ अचानक गेले. घरच्यांनी सगळं दान केलं. बाकीचे अवयव कामी लागले. यकृत सर्जननी बघितलं आणि बाजूला ठेवलं, कारण पुरतं लावण्यासारखं नव्हतं. ते आमच्याकडे आलं. आम्ही त्यातल्या चांगल्या पेशी काढल्या आणि गोठवून ठेवल्या. खारू आली तेव्हा बाहेर काढल्या."

"लावण्यासारखं का नव्हतं?"

ती जराशी हसली. "चरबी होती."

नळवाल्यानं खुर्ची शोधली. "माझ्यासारखी?"

"अगदी तुमच्यासारखी."

ते बसनं घरी निघाले. खारू खिडकीशी, गालात बिस्किट साठवलेली. तो एकदम बायकोला म्हणाला, "तोही संध्याकाळी तळलेलं खात असणार बघ. त्याचीही सासू ओरडत असणार." आणि असं म्हणताना त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल त्याला इतकी माया दाटून आली, जितकी सख्ख्या भावाबद्दलही कधी आली नव्हती. ज्याला त्यानं निकामी म्हटलं होतं, तसलंच एक यकृत त्याच्या पोरीच्या कामी आलं होतं.

आभार कळवायचे तर अवयवदानाच्या कचेरीत जावं लागतं, असं त्याला इस्पितळात सांगितलं. कचेरीत साहेब जागेवर नसायचे. हेलपाटे सुरू झाले. मधल्या काळात नळवाल्याला एक खोडच लागली. तो माणूस याच शहरातला असेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. कुठल्याही घरात कामाला गेला की त्याची नजर भिरभिरायची. दाराशी पुरुषाच्या चपला आहेत, पण त्यावर धूळ बसलीय का? खुंटीवर कुणी न वापरलेला सदरा? तसं काही दिसलं की तो दुप्पट निगुतीनं काम करायचा, न सांगता दुसरा नळही बघून द्यायचा, फरशी पुसून द्यायचा. न जाणो, हेच घर असेल.

एका घरी त्याला राहवलं नाही. म्हातारीला अगदी हळू विचारलं, "आजी, घरचे… कशानं गेले?"

"कशानं म्हणजे?" म्हातारी म्हणाली. "चालत गेलेत. भाजी आणायला. अजून पत्ता नाही मेल्याचा!"

ही गोष्ट त्यानं घरी सांगितली तेव्हा सासू हसून हसून भिंतीला टेकली. पण मग डोळे पुसत म्हणाली, "असं घरोघर शोधून कुठं सापडतंय का? त्या साहेबालाच गाठा."

शेवटी साहेब भेटले. म्हणजे तुम्ही. आठवतंय? तुमच्या खोलीच्या कोपऱ्यात बेसिन आहे. त्याचा नळ गळत होता आणि खाली पाण्याचा मग लावलेला होता. नळवाल्यानं आपण कोण ते सांगितलं, तर तुम्हीच म्हणालात, "नळवाले का? अहो, मग जरा हे बघता का? कधीची तक्रार केलीय, कुणी येत नाही." त्यानं पिशवी उघडली. खालचा मग रिकामा केला, वायसर बदलला, पांढरी टेप गुंडाळली, नळ बसवला. टपटप थांबली. तुम्ही हसून म्हणालात, "मनापासून आभार हो." तो म्हणाला, "त्यात काय."

मग तो बसला आणि त्यानं खारूची गोष्ट सांगितली. तुम्ही ऐकलीत. मधे फोन वाजला तो उचलला नाहीत. वाईट नाही आहात तुम्ही, म्हणून तर राग जास्त येतो.

"त्या घराला नुसतं कळवा," तो म्हणाला. "मला नाव नको, पत्ता नको. तुम्हीच सांगा, की त्याचं यकृत कामी आलं."

"अडचण आहे," तुम्ही म्हणालात. "पुरता अवयव बसवला तरच आम्ही वापरला असं धरतो. पेशी निराळ्या. कुटुंबाला तेव्हाच कळवलंय की यकृत उपयोगात आलं नाही. प्रकरण बंद झालंय."

"पण आलं ना उपयोगात!"

"नंतर आलं. नंतरचं कळवायची तरतूद नाही." आणि मग आवाज खाली आणून, "शिवाय, तुम्ही समजून घ्या. लोक दुःखातून सावरलेले असतात. कशाला खपली काढायची?"

नळवाल्यानं त्या न गळणाऱ्या नळाकडे पाहिलं.

"साहेब, माझं यकृत निकामी आहे, असं मला सांगितलं, तेव्हा माझी पोर पलीकडच्या खोलीत मरत होती. तो शब्द कसा लागतो ते मला विचारा. मी निदान जिवंत होतो. त्या घरानं तर माणूस दिला, आणि वरून हा शब्द घेतला. ती खपली नाही, साहेब. ते अजून गळतंय. नुसता खाली मग लावून ठेवलाय त्यांनी."

"बघू," तुम्ही म्हणालात. "वर विचारावं लागेल."

तो उठला. दाराशी थांबला. "मघाशी मी एक वायसर बदलला, तर तुम्ही आभार मानलेत आणि मी घेतले. बरं वाटलं, तुम्हालाही आणि मलाही. माझ्याकडे एका अख्ख्या पोरीचे आभार आहेत. ते घेऊन मी कुठं जाऊ?"

तुम्ही बेसिनच्या नळाकडे बघितलंत.

या भेटीला आता बरेच दिवस झाले. खारूचा पुढचा दात पडला, त्यामुळे तिचा नळ हल्ली शिट्टी वाजवतो. घरातलं तळण बंद आहे, सासूचा पहारा कडक आहे. जेवायला बसताना नळवाला रोज त्या माणसाची आठवण काढतो, मण्यांच्या बाईची काढतो, पांढऱ्या केसांच्या डॉक्टर बाईंची, तुरटीची, समुद्रातल्या शेवाळाचीही काढतो. सासू म्हणते, "जेवण गार होतंय, सगळ्या जगाचे आभार उद्या माना." तो हसतो, पण सोडत नाही. त्या घरातल्या माणसाला मात्र आजही त्याला नुसतं 'तो' एवढंच म्हणता येतं.

आणि कुठंतरी, कदाचित तुमच्या कचेरीमागच्याच गल्लीत, कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई भांडी विसळताना मनाशी म्हणत असेल, बाकीचं लागलं म्हणतात, ते एक तेवढं वाया गेलं. तिला खरं काय ते सांगायला एक फोन पुरतो. तो तुमच्या टेबलावर आहे, त्या बेसिनपासून हाताच्या अंतरावर. वरून कुणाचं उत्तर आलं नसेल, तर वरच्यांनाही हेच विचारा, आणि तुम्हीही सांगा.

त्या घराला कधी सांगणार?